काठावरचे रोप



आज मला आपल्याशी कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी बोलायचे आहे. विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी कुणी म्हणेल, "मास्तर, हे शहरातल्या लोकांचे काम. आमचा याच्याशी काय संबंध?" संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. तो दाखवण्यासाठी मी सुरुवात करणार आहे ती यंत्रापासून नव्हे, ज्वारीच्या एका ताटापासून.

मी तेव्हा सातवीत असेन. पाऊसपाणी यथातथाच झालेले. आमच्या रानात पीककापणीचा प्रयोग करायला तलाठी भाऊसाहेब आले होते. कोतवालाने चार खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि ज्वारीचा एक चौकोनी तुकडा आखून घेतला. त्या तुकड्यात किती दाणे निघतात, त्यावरून आसपासच्या पिकाचा अंदाज बांधायचा होता. एक ताट मात्र नेमके दोरीवर आले. माझे चुलते म्हणाले, "भाऊसाहेब, हे बाहेर धरा." त्यांचा हेतू उघड होता. पीक कमी दिसले तर दुष्काळ जाहीर होईल, सारा माफ होईल. भाऊसाहेब म्हणाले, "नाही, मी आत धरतो." वाद सुरू झाला. तेवढ्यात माझे आजोबा काठी टेकत पुढे आले, खाली वाकले आणि म्हणाले, "अरे, मूळ कुठं आहे ते बघा की!" मूळ दोरीच्या आत होते. ताट आत धरले गेले. चुलते दिवसभर आजोबांशी बोलले नाहीत.

तेव्हा ती मला म्हाताऱ्या माणसाची हट्टी गोष्ट वाटली. पुढे कॉलेजात शिकवू लागल्यावर जुने ग्रंथ चाळताना कळले, की आजोबांनी दोरीजवळ वाकून जे पाहिले, त्याच प्रश्नावर या देशातील दोन थोर संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाद झाला होता. आज सरकारदरबारी, दवाखान्यात आणि रेशन दुकानात शिरलेल्या यंत्रबुद्धीपुढेही तोच प्रश्न उभा आहे. काठावरचे रोप आत धरायचे की बाहेर, आणि ते ठरवायला खाली वाकून बघणार कोण?

ही हकिगत आता क्रमाने पाहू.

इंग्रजी अमदानीत पिकाचा अंदाज बांधण्याची रीत सोपी होती. पेरणीचे क्षेत्र घ्यायचे, एकरी सर्वसाधारण उत्पन्न किती ते घ्यायचे आणि यंदाचे पीक किती आणे आहे ते गावकामगाराने नजरेने सांगायचे. ही आपली आणेवारी. पुढे आण्यांचे पैसे झाले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली, की गावात दुष्काळी सवलतींची चर्चा सुरू होते, हे आपल्याला मी सांगायला नको. आता ही नजर कुणाची? ज्याच्या डोक्यावर वसुलीची जबाबदारी, त्याची. तो सावधपणे मधला आकडा लिही. फार चांगल्या वर्षी थोडा कमी, फार वाईट वर्षी थोडा जास्त.

अशा आकड्यांनी एरवी फारसे बिघडत नसेल. परंतु १९४३ साल उजाडले आणि बंगालमध्ये दुष्काळ पडला. त्यात आणि त्यामागून आलेल्या रोगराईत किती माणसे मेली, याचेही निरनिराळे अंदाज आहेत. सरकारी चौकशी समितीने १५ लाख म्हटले, नंतरच्या अभ्यासकांनी ३० लाखांपर्यंत आकडा नेला. मेलेल्या माणसांच्या मोजणीतच एवढी तफावत! मग तांदूळ किती पिकला, किती साठला, कुठे अडकला, हे त्या वेळी कुणाला नेमके माहीत असणार? अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दाखवून दिले, की त्या वर्षी अन्न एकंदरीत फार कमी होते असे नव्हे. मजूर, कोळी, गावचे कारागीर यांच्या हातात ते विकत घेण्याची ताकद उरली नव्हती. म्हणजे नुसते धान्य मोजून भागत नाही, माणसांची स्थितीही मोजावी लागते. हे मोजमाप वेळेवर आणि खरे झाले नाही, तर त्याची किंमत कोण देतो, हे बंगालने दाखवले.

याच बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस नावाचे प्राध्यापक होते. जन्म १८९३ चा, शिक्षण केंब्रिजला पदार्थविज्ञानाचे, नोकरी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात. आकड्यांच्या नादाने त्यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था काढली. १९३७ पासून त्यांनी बंगालमधील तागाच्या पिकाची नमुना पाहणी हाती घेतली. नमुना पाहणी म्हणजे काय? आपल्या आयाबहिणी रोज करतात तेच. भात शिजला की नाही हे बघायला त्या सारे पातेले उपसत नाहीत. एक शीत घेऊन बोटांत दाबतात. शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आपल्याकडे आहेच.

पण त्यात एक मेख आहे. शीत कुठले घ्यायचे? वरचेच घेतले तर तळाचा भात करपला असला तरी कळायचे नाही. म्हणून पाटील दाखवील ते रान किंवा रस्त्यालगतचे, चालायला सोपे रान घ्यायचे नाही. चिठ्ठी टाकून जे रान येईल तेच घ्यायचे, मग ते डोंगराच्या टोकाला का असेना. यापूर्वी १९२० नंतरच्या दशकात हबॅक नावाच्या एका अधिकाऱ्याने बिहार व ओरिसात लहानशी त्रिकोणी चौकट घेऊन भाताची अशी कापणी करून पाहिली होती. महालनोबीस यांनी त्या कल्पनेला शास्त्राचे रूप दिले. स्वातंत्र्यानंतर १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिल्या फेरीत देशातील साडेपाच लाखांवर खेड्यांपैकी १८३३ खेडी निवडली होती. तेवढ्यावरून देशाच्या ग्रामीण जीवनाचा अंदाज घ्यायचा होता.

आता या गोष्टीत एक मराठी माणूस येतो. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली त्यांचा जन्म झाला. लंडनला संख्याशास्त्राचा अभ्यास करून ते परत आले आणि १९४० पासून दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले. महालनोबीस पिकाची कापणी लहान लहान वर्तुळांत करीत. लहान तुकडा कापायला वेळ कमी लागतो, तेवढ्याच श्रमात अधिक ठिकाणी जाता येते. हिशेब बरोबर होता. परंतु सुखात्मे यांनी निरनिराळ्या आकाराचे तुकडे शेजारी शेजारी कापून पाहिले, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. तुकडा जितका लहान, तितके एकरी उत्पन्न जास्त येई! रान तेच, पीक तेच, मग हे जास्तीचे धान्य आले कुठून?

ते आले काठावरून. शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. एक मीटर लांब व एक मीटर रुंद असा चौकोन घ्या. क्षेत्रफळ एक चौरस मीटर, परिमिती चार मीटर. म्हणजे दर चौरस मीटरमागे काठ चार मीटर. आता दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद असा तुकडा घ्या. क्षेत्रफळ ५० चौरस मीटर, परिमिती ३० मीटर. दर चौरस मीटरमागे काठ साठ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ सातपट कमी. काठ आला की शंका आली. आणि शंकेच्या जागी माणसाचा हात नकळत एका बाजूला झुकतो. कापणाऱ्याला वाटते, भरलेले कणीस सोडायचे कशाला? त्यात लबाडी नसते, पण चूक असते. ती एका बाजूचीच असल्याने हजार ठिकाणी मोजले तरी फिटत नाही, हजारपट पक्की होते.

सुखात्मे यांनी हे १९४६ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात मांडले. महालनोबीस यांनी त्याच वर्षी त्याच नियतकालिकात उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे, की पाहणी करणारी माणसे शिकवलेली असतील आणि त्यांच्यावर नीट देखरेख असेल, तर लहान तुकडाही चालतो. वाद कडवा झाला. आजही आपल्याकडे पीककापणीत पीक बघून पाच मीटर बाय पाच मीटर किंवा दहा मीटर बाय पाच मीटर असे तुकडे घेतात, त्यामागे हा वाद आहे. सुखात्मे पुढे रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत गेले, तिथे अनेक वर्षे संख्याशास्त्राचे प्रमुख होते, आणि निवृत्तीनंतर पुण्यात येऊन पोषणाच्या प्रश्नावर काम करीत राहिले.

मला या वादात कोण जिंकले हे सांगायचे नाही. महालनोबीस यांनाही माणसाच्या चुकीची पुरती जाणीव होती. त्यांनी एक युक्ती काढली होती. एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र नमुने काढायचे आणि ते दोन स्वतंत्र तुकड्यांकडे द्यायचे. एकीला दुसरीचे आकडे कळू द्यायचे नाहीत. शेवटी दोन्ही आकडे समोरासमोर ठेवायचे. जुळले तर ठीक. फार फरक पडला तर समजायचे, की कुठेतरी पाणी मुरते आहे, आणि शोध घ्यायचा. मोजणाऱ्याचीही मोजणी झाली पाहिजे, हा त्या पिढीचा धडा होता. एकाने काठ दाखवला, दुसऱ्याने फेरतपासणी दाखवली. या दोन गोष्टी आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याच कामी येणार आहेत.

आता यंत्राकडे वळू. नमुना पाहणी सुरू झाल्यावर कलकत्त्यात कागदांचे ढीग लागले. हातांनी बेरजा करायला वर्षे लागत. म्हणून १९५५ साली महालनोबीस यांच्या संस्थेने इंग्लंडहून एक गणकयंत्र आणवले. देशातील ते पहिले अंकीय गणकयंत्र. १९५८-५९ च्या सुमारास सोव्हिएत रशियातून दुसरे आले. इकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या हाताने एक यंत्र बांधले. १९६० साली ते कामाला लागले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. त्याच्यात मावत त्याहून कितीतरी पट मजकूर आज कुणाच्याही खिशातल्या साध्या मोबाइलमध्ये मावतो.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. आपल्या देशात गणकयंत्राला पहिले काम मिळाले त्यात गरिबीच्या मोजमापाचा वाटा मोठा होता. खेड्यातला माणूस काय खातो, किती कमावतो, किती जमीन कसतो, हे समजून योजना आखायची होती. पण ते यंत्र फक्त हिशेबनीस होते. त्याला जे सांगाल ते करील, वेगाने करील, न कंटाळता करील. दोरीवरचे ताट आत की बाहेर, हे ते ठरवीत नव्हते. ते रानातच ठरून, कार्डावर भोके पाडून, त्याच्याकडे येत असे.

ठरवण्याचे काम यंत्राकडे देण्याचा विचार नंतर आला. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ज्ञानाधारित संगणकांची एक योजना सुरू केली. साधारण त्याच काळात मद्रासच्या आय.आय.टी.त एक कार्यक्रम तयार झाला. खेड्यातील आरोग्यसेविकेने आजारी बालकाची लक्षणे सांगायची, यंत्राने तिला एकेक प्रश्न विचारायचा आणि काय करावे ते सुचवायचे. त्याचे नाव होते 'एकलव्य'. पुराणातला एकलव्य गुरू जवळ नसताना शिकला. डॉक्टरांनी आपले ज्ञान नियमांच्या रूपाने त्यात भरले होते.

हल्लीची यंत्रबुद्धी याहून वेगळी आहे. तिला नियम सांगत नाहीत, उदाहरणे दाखवतात. कशी, ते सांगतो. आजोबा मला लहानपणी खरसुंडीच्या बैलबाजारात नेत. त्यांनी मला बैल पारखण्याचे नियम कधी पाठ करायला लावले नाहीत. "हा बघ. हा घेण्यासारखा. तो बघ, तो नको." अशी शेकडो जनावरे दाखवली आणि हळूहळू माझी नजर तयार झाली. यंत्राचेही तसेच. त्याला लाखो चित्रे, लाखो वाक्ये दाखवली, की त्याची एक नजर तयार होते. परंतु मी बाजारात पाहिले ते सारे खिल्लार. पुढे इगतपुरीकडे गेलो आणि डांगी बैल पाहिले, तेव्हा मी त्यांना नावे ठेवली. तिथला शेतकरी हसून म्हणाला, "मास्तर, इथल्या पावसात तुमचा खिल्लार चार दिवस टिकायचा नाही." चूक माझ्या डोळ्यांची नव्हती. मला दाखवलेल्या जनावरांत डांगी नव्हताच. यंत्राचे बरेच दोष असेच असतात. ज्याची उदाहरणे त्याने पाहिली नाहीत, त्याला ते चुकीचे ठरवते.

आता या यंत्राचा उपयोग काय, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने कपाशीची धूळधाण केली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणी केव्हा करावी आणि केव्हा करू नये, हा प्रश्न तिथे जिवाचा झाला. शास्त्रज्ञांचा नियम असा, की कामगंध सापळ्यात रोज आठ पतंग याप्रमाणे सलग तीन दिवस सापडले, तर उपाय करावा. म्हणजे पुन्हा मोजणीच! मुंबईच्या वाधवानी संस्थेने यासाठी एक यंत्रबुद्धी तयार केली. सापळ्यातील पतंग कागदावर पसरायचे, मोबाइलने चित्र घ्यायचे, यंत्र ते मोजते आणि फवारणीचा सल्ला देते. अकारण एक फवारणी टळली तर पैसा वाचतो आणि छातीत जाणारे विषही वाचते.

दुसरे उदाहरण क्षयरोगाचे. छातीचे क्ष-किरण चित्र वाचणारे डॉक्टर तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ वर्षे व त्यावरील माणसांच्या बाबतीत संगणकाने चित्र वाचून संशयित निवडण्यास संमती दिली. मात्र यंत्राने संशय घेतला, की थुंकीची तपासणी करून खात्री करायची. पाहा, इथे महालनोबीस यांची दुसरी तुकडी आली! यंत्राचा शब्द हा शेवटचा शब्द नाही.

पीकविम्यातही हे पाऊल पडले आहे. उपग्रहाची चित्रे, हवामान आणि संगणक यांवरून उत्पन्न ठरवण्याची रीत केंद्र सरकारने २०२३ च्या खरिपात भातासाठी आणली, पुढे गव्हाला लावली. अंतिम आकड्यात यंत्राच्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन द्यायचे, उरलेले पीककापणीला. दोन स्वतंत्र मोजण्या झाल्या, हे चांगलेच. पण दोन आकड्यांची सरासरी काढणे वेगळे आणि दोन आकड्यांत फरक का पडला हे शोधणे वेगळे. उपग्रह म्हणाला एकरी १० क्विंटल आणि दोरीने निघाले ६, तर हिशेब घालून मधला आकडा लिहिणे सोपे आहे. मग आपण पुन्हा त्या जुन्या आणेवारीच्या मधल्या आकड्यापाशी आलो की नाही? त्या फरकापाशी थांबून कुणीतरी रानात गेले पाहिजे.

आणि न गेल्यास काय होते? शेजारच्या तेलंगण राज्याचे उदाहरण बोलके आहे. तेथे 'समग्र वेदिका' नावाची संगणक व्यवस्था निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी जोडून एकेका माणसाचे चित्र तयार करते. कुणाकडे मोटार, कुणाकडे किती जमीन, घर कसे. हेतू वाईट नव्हता. सधन माणसाने गरिबाचे धान्य खाऊ नये, हे कुणालाही पटेल. पण नावांचा घोळ आपल्या देशात केवढा! एका गावात एकाच नावाचे चार असामी. कुणा कष्टकरी कुटुंबाच्या नोंदीला भलत्याचीच मोटार चिकटली आणि घरचा शिधा थांबला, अशा तक्रारी आल्या. प्रत्यक्ष घरी न जाता शिधापत्रिका रद्द झाल्याचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने रद्द झालेल्या सुमारे १९ लाख शिधापत्रिकांची जागेवर जाऊन फेरतपासणी करायला सांगितले. त्यानंतर दोन लाखांवर अर्ज तपासून झाले, तेव्हा त्यांत १५ हजारांहून अधिक कुटुंबे पात्र निघाली.

१५ हजार कुटुंबे. शेकड्यात मांडली तर सात-साडेसात टक्के. कार्यालयातला माणूस म्हणेल, यंत्र बहुतेक वेळा बरोबरच होते. परंतु ज्या घरी महिन्याचे तांदूळ आले नाहीत, त्या घरापुरते यंत्र पुरतेच चुकले. ही घरे म्हणजे दोरीवरची ताटे. आणि काठावर कोण असते, याचा विचार करा. बागाईतदार काठावर नसतो. त्याचे नाव सातबाऱ्यावर नीट, बँकेत नीट, मोबाइल चालू. काठावर असते ती नवऱ्याच्या नावावर जगलेली विधवा. ऊसतोडीला गेलेले, म्हणून पाहणीच्या वेळी घरी नसलेले कुटुंब. गवंडीकाम, भांगलण करून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, तो मजूर. यंत्र त्याला सांगते, "तुमचा अंगठा जुळत नाही." पुराणातल्या एकलव्याचा अंगठा गुरूने मागून घेतला. या माणसाचा कामाने नेला, आणि मग शिधाही जाण्याची पाळी येते.

भाषेचेही तसेच. २०२२ साली केंद्र सरकारने 'भाषिणी' ही योजना सुरू केली. आपल्या भाषेत बोलावे आणि यंत्राने समजून उत्तर द्यावे, अशी तिची धाव आहे. घटनेच्या आठव्या परिशिष्टातील २२ भाषा तिने आधी घेतल्या. मराठी त्यात आहे, ही आनंदाची गोष्ट. पण मेळघाटातले मूल घरी कोरकू बोलते, गडचिरोलीतले गोंडी बोलते. या भाषा त्या बावीसांत नाहीत. यंत्राने शिकण्यासाठी मजकूर लागतो, आणि या भाषांत लिहिलेला मजकूर थोडा. म्हणजे तेही काठावर.

मग यंत्र नकोच म्हणायचे का? छे! तसे म्हणणे म्हणजे पुन्हा नजरेच्या आणेवारीकडे जाणे. १९४३ ची आठवण असलेल्या देशाला ते परवडणारे नाही. करायचे काय, याचा एक धडा आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९९८ साली वारणानगर परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारली गेली. योजना आखणाऱ्यांच्या मनात फार मोठी स्वप्ने होती. जगभरची माहिती, बाजारभाव, शिक्षण, सारे गावात आणायचे. शेतकऱ्यांनी त्या केंद्रांचा मुख्य उपयोग कशासाठी केला? उसाची नोंद झाली का, तोड केव्हा येणार, वजन किती भरले, बिल किती निघाले, हे बघण्यासाठी. पुढे काही गावांत तेच काम मोबाइलच्या लघुसंदेशाने होऊ लागले. कुणी म्हणाले, योजना फसली. मला तसे वाटत नाही. आपल्या उसाचे वजन आपल्या डोळ्यांनी बघता येणे, ही शेतकऱ्याची मोठी कमाई होती. कारखान्याची मोजणी त्याला स्वतः ताडून पाहता आली. मोजणाऱ्याची मोजणी, ती हीच.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींना आणि गावकऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की यंत्राचे उत्तर आले म्हणजे हात जोडू नका आणि हात झटकूही नका. यंत्राने एखाद्याला अपात्र ठरवले तर कोणत्या नोंदीवरून, हे लेखी मागा. त्या नोंदीची जागेवर तपासणी मागा. ती करणारा माणूस यंत्र चालवणाऱ्यापेक्षा वेगळा असावा, हा आग्रह धरा. आणि नोंद घेताना ती खरी द्या. हे शेवटचे सर्वांत अवघड. वर्गातली हजेरी, बालकाचे वजन, विहिरीच्या पाण्याची पातळी, रानातले पीक, असे गावात लिहिलेले आकडे हेच यंत्राचे शिक्षण आहे. आपण पटावर खोटी मुले दाखवली, तर यंत्र खोटेच शिकेल आणि मग खऱ्या मुलाला ओळखणार नाही.

आमच्या रानातल्या त्या ताटाची गोष्ट पुरी करतो. त्या वर्षी पैसेवारी पन्नासच्या आतच आली. एका ताटाने काही बिघडले नव्हते. रात्री जेवताना मी आजोबांना विचारले, "आबा, ते ताट बाहेर धरलं असतं तर आपलाच फायदा होता ना?" आजोबा म्हणाले, "आज आपल्या सोयीनं बाहेर धरलं, तर उद्या दुसऱ्याच्या सोयीनं आत धरतील. मग दोरी लावायचीच कशाला?"

आता दोरी धरणारे हात बदलले आहेत. खुंट्या आकाशात आहेत, दोरी डोळ्यांना दिसत नाही. पण काठ आहेच, आणि काठावर रोप आहेच. त्याचे मूळ कुठे आहे, हे बघायला खाली वाकावे लागते. ते काम अजून तरी आपलेच आहे.